बाई जिवंत, नोंदणी मयत

मागच्या अंकात हडपसरच्या एका काकूंचं चार ओळींचं पत्र छापलं होतं. करोनात कामवाल्या बायकांना सरकारने पंधराशे दिले म्हणतात, आमच्या गल्लीत दोघींना आले, मला का नाही? मी आपलं घाईघाईत उत्तर दिलं की नोंदणी रिन्यू केली नसेल. झालं! तेव्हापासून पत्रं काय, व्हॉट्सॲप काय, एका दादांनी तर अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलाय, त्यातली पहिली तीन मिनिटं नुसता कुकर वाजतोय. इतकी वर्षं उलटली तरी लोकांच्या मनातून ते पंधराशे गेलेले नाहीत. रकमेचं एवढं नाही हो, शेजारच्याला आले आणि मला नाही, हे जात नाही. म्हणून या वेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, तुमचं उत्तर वाचलं, पण कळलं नाही. माझ्याकडे कार्ड आहे ना. २०१२ ला काढलेलं, फोटो आहे, शिक्का आहे. देवीच्या फोटोमागे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय. पाच घरची कामं होती. लॉकडाऊन लागल्यावर तिघींनी एप्रिलचा पगार दिला, मेमध्ये एकीनेच, जूनमध्ये वॉचमन गेटच्या आतच सोडेना. मग कार्ड असून पैसे का नाहीत? — हडपसरच्या त्याच काकू

काकू, कार्ड आहे हे खरंच, पण त्या कार्डाची मुदत वर्षाची असते. घरेलू कामगारांचा कायदा आपल्याकडे २००८ ला झाला, मंडळ २०११ ला आलं. तेव्हा वस्तीवस्तीत कॅम्प लागले, बायकांनी रांगा लावून कार्डं काढली, कारण पंचावन्न वर्षं झाली की दहा हजार सन्मानधन मिळणार असं सांगितलं होतं. मग मधली कित्येक वर्षं मंडळाचं काम थंड पडलं, कॅम्प बंद झाले, आणि दरवर्षी ऑफिसात जाऊन नूतनीकरण करायचं असतं हे कुणी कुणाला सांगितलं नाही. एक दिवसाची सुट्टी टाकायची म्हणजे पाच घरची बोलणी खायची, तीही कशासाठी तर ज्याचा काही उपयोग दिसत नाही अशा कार्डासाठी, कोण जाणार होतं!

१३ एप्रिल २०२१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'ब्रेक द चेन' निर्बंधांची घोषणा केली आणि त्यासोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात घरेलू कामगारांना १५०० रुपये होते. सरकारी कागदात शब्द आहे 'जीवित नोंदणी'. म्हणजे चालू वर्षाची नोंदणी असलेली बाई तेवढी जिवंत, बाकीच्या कागदावर मयत. राज्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका लाखोंनी आहेत आणि जीवित नोंदणी निघाली लाखभराची. आमच्या चाळीच्या व्हरांड्यात मी तेव्हा फॉर्म भरून देत होते, एकीला म्हटलं, मावशी, तुमची नोंदणी जीवित नाहीये, तर ती म्हणाली, मी तुझ्यासमोर बसलेय की गं. आता यावर काय बोलणार.

तुमच्या गल्लीतल्या त्या दोघींनी बहुतेक अलीकडेच कार्ड काढलेलं असणार. उशिरा आल्या म्हणून त्यांना मिळालं, तुम्ही बारा सालीच गेलात म्हणून राहिलात.

प्रश्न : मी कल्याणला रिक्षा चालवतो, शिफ्टवर. दिवसाला तीनशे मालकाला. लॉकडाऊनमध्ये रिक्षा उभी, माझी कमाई शून्य. पंधराशे आले ते मालकाला. मालकाच्या घरात तीन परमिटं, एक त्याचं, एक बायकोचं, एक भावाचं, तिघांनाही आले. त्याची बायको रिक्षात मागे सुद्धा कधी बसलेली मी बघितली नाही. हे कसं काय?

दादा, ती मदत 'परवानाधारक रिक्षाचालकांना' होती. हा शब्द नीट वाचा, परवानाधारक आणि चालक हे सरकारने एकच माणूस धरले. घोषणा १२ लाखांची होती, पुढे परिवहन खात्याने हिशेब मांडला तेव्हा परवानाधारक ७ लाख १५ हजारच निघाले. शिफ्टवाल्याची यादीच कुणाकडे नाही, तुमचा आणि मालकाचा व्यवहार तोंडी, रात्री चावी आणि तीनशे हातात दिले की संपला.

आता तुम्ही म्हणाल, मग सरकारला कसं कळणार चालवतंय कोण. कळतं. तुमच्या शर्टाला बॅज असतो ना? तो आरटीओनेच दिलेला असतो, तुमच्या नावावर. दिल्ली सरकारने २०२० मध्ये पाच हजार दिले ते या बॅजवर, म्हणजे ज्याच्याकडे सार्वजनिक वाहन चालवायचा बॅज त्याला, गाडी कुणाची का असेना. रिक्षा, टॅक्सी, ई-रिक्षा सगळे त्यात. आपल्याकडे परमिटावर दिले, शिवाय टॅक्सीवाले पॅकेजमध्ये आलेच नाहीत. एका शब्दाचा फरक आहे, बॅज की परमिट. पण हा शब्द निवडणाऱ्याने शिफ्टवर कधी रिक्षा चालवलेली नसणार, हे माझं मत.

ज्यांच्याकडे परमिट होतं त्यांचीही गंमतच. ऑनलाइन अर्ज, आधारला मोबाइल जोडलेला हवा, खात्याला आधार जोडलेलं हवं. अर्ज भरताना ओटीपी जायचा जुन्या नंबरवर, आणि ते सिम कधीच बंद झालेलं. नंबर बदलायचा तर आधार केंद्रात जावं लागायचं, आणि लॉकडाऊनमध्ये केंद्राला कुलूप.

प्रश्न : आमचं कागलला सलून आहे. मावसभाऊ निपाणीला, त्याचंही सलूनच. मधे फक्त टोलनाका. त्याला कर्नाटक सरकारने पाच हजार दिले, मला महाराष्ट्राने पाच पैसे दिले नाहीत. दोघंही वस्तरा धरायला एकाच आजोबांकडे शिकलो. तो अजून चिडवतो.

चिडवू द्या, त्याचा हक्क आहे! कर्नाटकात ६ मे २०२० ला १,६१० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात सव्वादोन-अडीच लाख न्हावी आणि साठ हजार धोबी यांना एकदाच पाच हजार असं नाव घेऊन सांगितलं होतं, रिक्षा-टॅक्सीवालेही होते. अर्ज तिथल्या सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर. आपल्याकडे २०२० ला तर नाहीच, २०२१ च्या पॅकेजमध्ये फेरीवाले, रिक्षावाले, बांधकामवाले, घरकामवाल्या, आदिवासी कुटुंबं अशी यादी होती आणि त्यात नाभिक कुठेच नव्हते. नाभिक संघटनांनी तेव्हा आवाज उठवला होता, झालं काही नाही.

आणि तुमचा धंदा तर सगळ्यांत जास्त बंद. मार्चपासून कुलूप, २८ जून २०२० ला उघडायला परवानगी मिळाली ती फक्त केस कापायची, दाढी नाही. छोट्या सलूनचा अर्धा गल्ला दाढीवर चालतो हे कुठल्या साहेबाला माहीत असणार. मग एप्रिल २०२१ मध्ये परत बंद. बंद करायच्या यादीत सलून आठवणीने पहिल्या पाचात असायचं, द्यायच्या यादीत मात्र कुणाला आठवलं नाही. माझा कर्नाटकवर काही फार जीव नाही, तिथेही दाखल्यांपायी कितीतरी जण राहिले, पण निदान तुमच्या धंद्याचं नाव कागदावर लिहिलं होतं आणि नाव लिहिलं की भांडायला तरी जागा असते.

प्रश्न : मी नाशिकला नाक्यावर उभा राहतो, गवंड्याच्या हाताखाली. बांधकाम कामगारांना पैसे मिळाले म्हणतात. मी वीस वर्षं विटा उचलतोय.

मिळाले, नोंदणीवाल्यांना. एप्रिल २०२० मध्ये २००० आणि २०२१ च्या पॅकेजमध्ये १५००, साधारण १२ लाख कामगार. आणि हे पैसे सरकारने खिशातून दिलेले नाहीत बरं का. १९९६ च्या कायद्यापासून प्रत्येक मोठ्या बांधकामावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो तुमच्याच नावाने बांधकाम कामगार मंडळाकडे साठतो. मार्च २०२० मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की हा फंड वापरा, तेव्हा देशभरात मिळून सुमारे ३१ हजार कोटी पडून होते. म्हणजे पैसा तयार होता, अडचण होती ती माणूस शोधायची.

नोंदणीला काय लागतं, तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. तो देणार कोण? ठेकेदार. आणि नाक्यावरचा ठेकेदार सही का देईल? आज सही दिली की उद्या माणूस पडला-झडला तर सहीनिशी जबाबदारी गळ्यात. शिवाय तुम्ही सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, बुधवारी कामच नाही, मग नव्वद दिवस कुणाच्या सहीने मोजायचे? ग्रामसेवकाकडून किंवा महापालिकेकडूनही दाखला घेता येतो, पण ते म्हणतात आम्ही तुम्हाला काम करताना बघितलं नाही. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. मग उरतो कोण, तर एजंट. चारपाचशे घेतो आणि नव्वद दिवस लिहून आणतो, आणि यात जो कधी पाटी उचलायला गेला नाही त्याचंही कार्ड निघतं. तुमच्याच नाक्यावर विचारून बघा, असा एकतरी सापडेल.

प्रश्न : जनधनच्या बायकांना पाचशे-पाचशे आले. माझं खातं साधं बचतीचं, मी बचत गटामुळे आधीच काढलं होतं. मला काहीच नाही. — बीड

हो, कारण मदत बाईला नव्हती, खात्याला होती. एप्रिल, मे, जून २०२० असे तीन महिने, वीस कोटींहून जास्त जनधन महिला खात्यांत ५०० रुपये. ज्यांना जास्त गरज होती पण खातं दुसऱ्या प्रकारचं, त्या बाहेर. ज्यांचं जनधन होतं पण वापर नसल्याने बंद पडलेलं, त्याही अडकल्या. आणि बँकेत गर्दी नको म्हणून खाते नंबरच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वार लावले होते, ०-१ वाल्यांनी ३ एप्रिलला यायचं, ८-९ वाल्यांनी थेट ९ तारखेला. तुमच्याकडच्या बायका काय करत होत्या ते मला माहितीये, सगळ्याच रोज जात होत्या, कारण पैसे परत जातील अशी आवई उठली होती.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याकडे लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरा, ड्रोन, एडिटिंगचा पीसी, सगळं हप्त्यावर. दोन्ही लग्नसराया गेल्या. आम्ही गरीब नाही म्हणून रेशन नाही, मोठा उद्योग नाही म्हणून पॅकेज नाही. आमच्यासाठी नक्की काय होतं?

खरं सांगू, कर्ज होतं. तेही नीट नाही.

तुमचं एकेक घेऊ. रेशन : फुकटचं पाच किलो धान्य अन्नसुरक्षा यादीतल्यांना, आणि शहरात त्या यादीत यायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत पाहिजे. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. एवढ्यात शहरात कुणाचं घर चालतं? त्यात राज्याचा कोटा सात कोटी लोकांचा, तो २०११ च्या जनगणनेवर बसवलेला, त्यानंतर जन्मलेली मुलं, आलेल्या सुना सगळ्या त्यातच कोंबायच्या. तुमचं कार्ड केशरी असणार. केशरीवाल्यांना मे आणि जून २०२० मध्ये माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी, दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिला. फुकट नाही, पण मिळाला. पुष्कळांना माहीतच नव्हतं, आणि काहींना माहीत असून लाज वाटली, रांगेत ओळखीचं कुणी बघेल म्हणून. तुम्हीही त्यातलेच का हो?

धंद्याला : २०२० च्या मे महिन्यात केंद्राचं वीस लाख कोटींचं आत्मनिर्भर पॅकेज जाहीर झालं, त्यात छोट्या उद्योगांना तीन लाख कोटींची विनातारण कर्ज योजना. पण कुणाला, तर २९ फेब्रुवारी २०२० ला ज्याच्या नावावर आधीच धंद्याचं कर्ज आहे त्याला, त्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत. ज्याने आयुष्यात कर्ज घेतलं नाही, ज्याने बायकोचं मंगळसूत्र मोडून कॅमेरा घेतला, त्याच्यासाठी दार बंद. तुमचा कॅमेरा ग्राहक कर्जावर, म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या हप्त्यासारखा, तो धंद्याच्या कर्जात मोडत नाही. त्यामुळे तुमच्या डोक्यावर कर्ज होतं खरं, पण ते भलत्याच जातीचं निघालं.

हप्ते : रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली. थांबले हप्ते, व्याज चालूच. त्या व्याजावर व्याज लावू नका म्हणून कोर्टकचेऱ्या झाल्या, मग सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सहा महिन्यांचा तेवढा फरक खात्यात जमा केला. तो मिळाला सगळ्यांनाच, ज्यांनी हप्ते थांबवले नव्हते त्यांनासुद्धा. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, सरकारी नोकरी, पगार एक दिवस चुकला नाही, त्यांच्या गृहकर्जाच्या खात्यात बाराशे आणि काही रुपये आले. मला फोन करून विचारतात, हे कसले पैसे? म्हटलं, महामारीची मदत.

तुमचा सीझन तर २०२१ मध्ये उरलासुरलाही गेला, २५ माणसं आणि दोन तासांत लग्न उरका असा नियम होता. त्या पंचविसात फोटोवाला धरायचा की नाही यावर मंडपात भांडणं झालेली मी बघितली आहेत.

प्रश्न : चाकणला कंपनीत होतो, पगार २३ हजार. एप्रिल २०२० चा अर्धा दिला, जूनमध्ये राजीनामा लिहून घेतला. सरकारने पूर्ण पगार द्या म्हणून आदेश काढला होता ना?

काढला होता, २९ मार्चला. टिकला नाही. १८ मेपासून केंद्राने तो मागेच घेतला, आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, कामगार-मालकांनी आपापसात बोलून मिटवा असं सांगितलं. आता नाव राजीनाम्याचं आणि पेन मालकाचं, तिथे कसलं बोलणं. दुसरं म्हणजे, सरकारने मालकाला पगार द्या म्हटलं, पण द्यायला स्वतः एक रुपया घातला नाही, म्हणून कोर्टात तो आदेश लटकाच होता.

बेकारी भत्ता आपल्याकडे आहे, हे ऐकून दचकू नका. इएसआयसीची, म्हणजे कामगार विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. करोनात त्यातली रक्कम सरासरी रोजाच्या २५ टक्क्यांवरून ५० केली, नव्वद दिवसांपर्यंत, आणि मालकाच्या सहीची वाट न बघता स्वतः अर्ज करायची सोय दिली. पण इएसआय २१ हजार पगारापर्यंतच. तुमचा तेवीस. दोन हजार जास्त होते म्हणून तुम्ही बाहेर. ज्यांचा एकोणीस-वीस होता त्यांना तरी कुणी सांगितलं? माझ्याकडे आलेल्यांत एकालाही हे नाव माहीत नव्हतं.

राहिला पीएफ. तीन महिन्यांचा बेसिक आणि डीए, किंवा खात्यातल्या रकमेचे ७५ टक्के, जे कमी असेल ते काढायची परवानगी दिली. स्वतःचीच म्हातारपणाची भाकरी आत्ता खा म्हणाले, त्यालाही मदतच म्हणतात.

प्रश्न : आमचा तमाशाचा फड आहे, लहानसाच. नाव छापू नका. आमच्याबद्दल दोन शब्द लिहा.

नाव नाही छापत. पण तारीख छापते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. लॉकडाऊनचा पहिला दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन चैत्र-वैशाखाच्या जत्रांच्या सुपाऱ्या देतात, आणि त्या दोन महिन्यांच्या कमाईवर फडाचं वर्ष निघतं. त्याआधी सावकाराकडून उचल घेऊन कलावंतांना आगाऊ रक्कम दिलेली असते. म्हणजे उत्पन्न बुडालं ते शून्यावर नाही थांबलं, शून्याच्या खाली गेलं. २०२१ ला परत तेच.

राज्य सरकारने कलाकारांसाठी मदत ठरवली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, ५६ हजार कलाकारांना एकदाच पाच हजार. पहिला पाडवा जाऊन सतरा महिने झाले होते. फडात गाणारी, नाचणारी कलाकार धरली तरी तंबू ठोकणारा, ट्रक चालवणारा, जनरेटर सांभाळणारा, स्वयंपाकाची बाई, ही माणसं कुठल्या यादीत बसवणार? तुम्ही फोनवर म्हणालात, आमचा ढोलकीवाला एमआयडीसीत सिक्युरिटीला लागला तो परत आलाच नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

प्रश्न : माझा मुलगा लंडनला असतो. २ मार्च २०२० ला नवीन नोकरीत लागला आणि महिन्याभरात घरी बसवलं. तिथे म्हणे सरकार ८० टक्के पगार देत होतं, पण त्याला मिळाला नाही. तिकडेही असंच असतं का? — डोंबिवली

असंच, फक्त आकडे मोठे. तिथल्या 'फर्लो' योजनेत सरकार पगाराच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त अडीच हजार पौंड भरत होतं, मालकामार्फत. योजना खरोखर मोठी, आपल्याकडे तिच्या जवळपासचंही काही नव्हतं. पण अट अशी की २८ फेब्रुवारीला तुम्ही त्या मालकाच्या पगारपत्रकावर हवेत. ओरडा झाल्यावर तारीख १९ मार्च केली, तरी त्या दिवसापर्यंत मालकाने टॅक्स खात्याला तुमचं नाव कळवलेलं असायला हवं होतं. पगार महिनाअखेरीस होत असेल तर नाव जातंच महिनाअखेरीस. तुमचा मुलगा नेमका त्या फटीत पडला. एक वाट होती, जुन्या मालकाने परत पटावर घेऊन फर्लो दाखवायचा. पण ते त्याच्या मर्जीवर, आणि सोडून गेलेल्या माणसासाठी कोण करतो!

स्वतःच्या छोट्या कंपनीतून काम करून डिव्हिडंड घेणारे, नुकतेच स्वतंत्र धंद्यात पडलेले, सगळे असेच सुटले. त्यांच्याच ऑडिट ऑफिसने अंदाज काढला होता की २९ लाखांपर्यंत माणसं या योजनांच्या बाहेर राहिली. म्हणजे तिकडची यादी टॅक्स खात्याची, आपल्याकडची मंडळांची.

प्रश्न : मग ई-श्रम कार्ड काढलं की पुढच्या वेळी पैसे येतील का? आमच्या ग्रुपवर तसा मेसेज फिरतोय.

कार्ड काढा, मेसेज डिलीट करा. ई-श्रम हे केंद्राचं नोंदणी पोर्टल, २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं, वय १६ ते ५९, इन्कम टॅक्स आणि पीएफ-इएसआयवाले सोडून बाकी असंघटित कामगार. कोट्यवधी लोकांची नोंद झालीये. उत्तर प्रदेशात २०२२ च्या सुरुवातीला नोंदणीवाल्यांना हजार रुपये दिले, तिथून हा मेसेज आपल्याकडे आला आणि अजून फिरतोय. नुसतं कार्ड काढल्याने महिन्याला काही येत नाही. पण काढताना व्यवसाय खरा लिहा. सायबर कॅफेवाला घाईत सगळ्यांनाच 'शेतमजूर' टाकतो, मी स्वतः एका इस्त्रीवाल्याचं दुरुस्त करून घेतलंय. आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, भाच्याचा नको.

प्रश्न : ताई, परत मीच. तुमचं पहिलं उत्तर मुलाने फोनवर वाचून दाखवलं. आता कार्ड रिन्यू करून घेऊ का? ऑफिस कुठाय तेवढं सांगा. वय एकसष्ट चालू आहे. — हडपसर

काकू, नाही होणार. घरेलू मंडळाची नोंदणी साठीपर्यंतच. ते दहा हजारांचं सन्मानधनही नोंदणी जीवित असेल तरच होतं, तेही गेलं. श्रावणबाळ या म्हातारपणाच्या पेन्शन योजनेत आता महिन्याला दीड हजार मिळतात, पण त्याला ६५ पूर्ण लागतात आणि घरचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला. मुलगा कमावता असेल तर तलाठी तो दाखला सहजी देत नाही. विधवा असाल तर संजय गांधी निराधार योजनेत वयासाठी थांबावं लागत नाही, उत्पन्नाची अट तीच. तुम्ही पत्रात काकांबद्दल काही लिहिलं नाहीये, म्हणून विचारते, वाईट वाटून घेऊ नका. तसं असेल तर त्यांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन सोमवार सोडून कुठल्याही दिवशी तहसील कचेरीत जा, सोमवारी गर्दी असते. जुनं कार्डही बरोबर ठेवा, त्यावर जन्मतारीख आहे.